सोलापूरच्या तळ्यांवर हिवाळी पक्षीनिरीक्षण : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थंडी पडली की एकच प्रश्न सगळीकडून येतो : "आले का पक्षी?" उत्तर तळ्यागणिक आणि आठवड्यागणिक बदलतं. ते का बदलतं, हे कळलं की कुठं आणि कधी जायचं याचा अंदाज तुमचा तुम्हालाच बांधता येतो. पुढची उत्तरं त्या हिशोबानं लिहिली आहेत.

पहिल्यांदाच जायचं आहे. कोणत्या तळ्यापासून सुरुवात करू?

शहरातल्या कंबर तलावापासून, म्हणजे विजापूर रस्त्यावरच्या धर्मवीर संभाजी तलावापासून. इथले पक्षी माणसांच्या वर्दळीला सरावलेले असतात, त्यामुळं जवळून दिसतात. वारकरी, टिबुकली, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळा, वंचक, राखी बगळा, खंड्या एवढे ओळखीचे झाले की पुढचं सोपं जातं. सिद्धेश्वर तलावही चालेल, पण संक्रांतीच्या सुमारास गड्ड्याची यात्रा असते. त्या दिवसांत गर्दी, दिवे आणि शोभेचं दारूकाम असल्यानं तिथं पक्षी बघायला जाऊ नये.

दुसरी पायरी हिप्परग्याची, म्हणजे एकरुख तलावाची. अदिला नदीवरचा हा मातीचा बांध १८७१ साली पुरा झाला. शहरापासून सात-आठ किलोमीटरवर, तुळजापूरच्या वाटेला. पाण्याचा पसारा मोठा, काठ उथळ आणि आजूबाजूला शेती, म्हणून स्थलांतरित बदकांना मानवणारा. होटगीचा तलाव आणि अक्कलकोट तालुक्यातलं बोरी नदीवरचं कुरनूर धरणही याच पायरीवर येतात. उजनीचा फुगवटा मात्र पूर्ण दिवस काढून बघायची गोष्ट आहे. करमाळा तालुक्यातल्या केत्तूरच्या बाजूनं किंवा पलीकडं भिगवणच्या बाजूनं जाता येतं.

कोणत्या महिन्यात जावं?

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा सगळ्यात खात्रीचा काळ. तुतवार, चिखल्यांसारखे काठावरचे पक्षी पावसाळा सरायच्या आधीच, ऑगस्ट-सप्टेंबरात यायला लागतात. बदकांत भुवई बदक सगळ्यात लवकर येतं. पट्टकदंब हंस नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात आणि मार्चपर्यंत निघून जातात. राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर पक्षी सप्ताह पाळतात. सुरुवातीचा दिवस वन्यजीव-लेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, शेवटचा पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचा. चितमपल्लींचा जन्म १९३२ साली सोलापुरातलाच, त्यामुळं या सप्ताहात इथल्या तळ्यांवर जाण्याला वेगळंच मोल आहे. तरीही तो आठवडा हंगामाच्या सुरुवातीचा आहे. तेव्हा पक्षी कमी दिसले म्हणून निराश होऊ नका.

गेल्या वर्षी याच महिन्यात हजारो पक्षी होते, यंदा तळं रिकामं का?

बहुतेक वेळा कारण एकच असतं : पाणी जास्त आहे. ऐकायला उलटं वाटतं, पण पक्ष्यांना पाण्याइतकीच पाण्याची खोली महत्त्वाची असते. चिखल्या आणि छोटे तुतवार ओल्या चिखलात किंवा बोटभर पाण्यात चरतात. शेकाट्याला वीतभर पाणी पुरतं. तलवार बदकासारख्यांना डोकं खाली, शेपूट वर करून तळापर्यंत चोच पोचवायची असते. त्यामुळं हात-दीड हातापेक्षा खोल पाणी त्यांच्या उपयोगाचं नसतं. रोहित (फ्लेमिंगो) उंच असला तरी मांडीभर पाण्यापलीकडं उभा राहून चरू शकत नाही. खोल पाण्यात उरतात ते बुडी मारणारे : लालसरी, शेंडी बदक, पाणकावळा, टिबुकली.

आता तळं काठोकाठ भरलं की पाणी थेट बाभळींच्या बुंध्याला आणि बेशरमीच्या झुडपांना टेकतं. उथळ पट्टाच उरत नाही. पाणी जसं उतरतं तसा चिखलाचा ताजा पट्टा उघडा पडतो. त्यात अळ्या, किडे, शिंपले असतात, आणि पक्षी त्या पट्ट्याबरोबर आत सरकत जातात. हा पट्टा उघडा पडून आठवडा-दोन आठवडे झाले की वाळतो, भेगाळतो, आणि चिखलातले पक्षी तो सोडून देतात. म्हणून "पाणी कमी" एवढं पुरत नाही. पाणी *उतरत असलेलं* हवं.

सोलापूरकरांना एक सोय आयती मिळाली आहे. उजनी किती टक्के, हे आपल्याकडं चहाच्या टपरीवरही कळतं. त्याच आकड्याचा उपयोग करा. उजनीचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला जवळजवळ ६४ टीएमसी मृत साठा, जो टक्केवारीत धरत नाहीत. म्हणजे टक्केवारी शून्यावर आली तरी जलाशयात पाणी भरपूर असतं, फक्त काठ मैल-मैल मागं सरकलेला असतो. शंभर टक्क्यांच्या आसपास असेल तर दलदल बुडालेली असते. रब्बीचं आवर्तन सुटून दोन-तीन आठवडे झाले आणि आकडा रोज थोडा थोडा खाली येतोय, असं दिसलं की फुगवट्याकडं निघायला हरकत नाही. पाऊस उत्तम झालेल्या वर्षी हा मुहूर्त फेब्रुवारी-मार्चपर्यंत लांबतो. दुष्काळी वर्षी डिसेंबरातच येतो, आणि तेव्हा छोटी तळी आटल्यामुळं सगळे पक्षी उरल्या पाण्यावर एकवटतात. तुम्हाला आठवणारे "हजारो" बहुधा असेच एकवटलेले असतात. त्यावरून पक्षी वाढले असा निष्कर्ष काढू नये.

दिवसाची कोणती वेळ बरी?

डिसेंबरअखेर सोलापुरात सूर्य ६.५५च्या सुमारास उगवतो, जानेवारीच्या मध्यावर ७ला. उजाडायच्या १५ मिनिटं आधी काठावर असा. ९.३०-१०पर्यंत बघणं चांगलं होतं. त्यानंतर जमीन तापते, पाण्यावर हवा थरथरायला लागते आणि महागातल्या महाग दुर्बिणीतूनही लांबचं बदक लिबलिबीत दिसतं. तो दुर्बिणीचा दोष नव्हे. संध्याकाळी ४.३० ते मावळतीपर्यंत दुसरी पाळी. पट्टकदंब बघायचे असतील तर दुपारही चालते, कारण हे हंस संध्याकाळी हरभरा-गव्हाच्या रानांकडं चरायला जातात, सकाळी परततात आणि दिवसभर काठावर विसावलेले असतात.

सूर्य कायम पाठीशी हवा. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर उभं राहून पश्चिमेकडं बघा, संध्याकाळी उलट. हे चुकलं की सगळी बदकं काळी ठिपक्यासारखी दिसतात आणि "काहीच ओळखू येत नाही" ही तक्रार सुरू होते.

दुर्बीण कोणती घ्यावी? आणि ती जुळवायची कशी?

८×४२. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. इथं ती पाच मिलिमीटरच्या वर येते, म्हणून पहाटेच्या अंधूक उजेडात चित्र उजळ राहतं. १०×५० जड असते आणि हात थरथरला की चित्रही थरथरतं. खिशात मावणारी ८×२१ सकाळी अंधारी पडते. "२० ते १०० पट" अशी जाहिरात असलेल्या स्वस्त दुर्बिणी अजिबात घेऊ नका. हिप्परग्यासारख्या मोठ्या पाण्यावर पलीकडच्या काठाचं बघायचं तर तिपाईवरचा स्पॉटिंग स्कोप (एकाच नळीची मोठी दुर्बीण) लागतो. तो चार-पाच जणांत मिळून एक असला तरी भागतं.

नवी दुर्बीण घेतलेल्यांपैकी बरेच जण ती न जुळवताच वापरतात आणि तासाभरात डोकं धरून बसतात. क्रम असा :

१. दोन्ही नळ्या जवळ-लांब करून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करा.
२. चष्मा असेल तर डोळ्याजवळचे रबरी कप आत घ्या, नसेल तर बाहेर काढा.
३. उजवा डोळा मिटून, मधलं चाक फिरवून लांबची पाटी किंवा फांदी डाव्या डोळ्याला स्पष्ट करा.
४. आता डावा डोळा मिटा. मधल्या चाकाला हात न लावता उजव्या नळीवरचं कडं फिरवून तीच पाटी स्पष्ट करा.
५. कड्याची ती खूण लक्षात ठेवा. इथून पुढं फक्त मधलं चाक वापरायचं.

पक्षी दिसला की नजर त्याच्यावरून न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणा. आधी दुर्बीण लावून मग पक्षी शोधायला गेलात तर तो सापडत नाही.

बदकं सगळी सारखीच दिसतात. ओळखायची कुठून?

रंग मागे ठेवा. आधी वागणं बघा. डोकं पाण्यात आणि शेपूट आकाशात, अशी उलटी होणारी बदकं उथळ पाण्यातली. ती जागेवरून सरळ वर उडतात. पूर्ण बुडी मारून दुसरीकडं वर येणारी ती बुडी बदकं. त्यांची शेपूट पाण्याला टेकलेली असते आणि उडण्याआधी पाण्यावर धावत जावं लागतं. एवढ्यानंच निम्मं काम होतं.

मग चोच आणि मान. थापट्याची चोच टोकाला फावड्यासारखी रुंद. तो ती पाण्यावर टेकवून, मान लांबवून, गोल गोल फिरत गाळत राहतो. लांबूनही चुकत नाही. तलवार बदकाची मान बारीक-उंच, नराच्या शेपटीला टोकदार पीस. भुवई बदकाच्या नराला डोळ्यावरून मानेपर्यंत पांढरी कोयरी. चक्रांग त्याच्याच आकाराचं, पण नराचं डोकं विटकरी आणि डोळ्याभोवती हिरवा पट्टा. चक्रवाक नारिंगी, मोठा, बहुधा जोडीनं काठावर उभा.

हळदी-कुंकू बदकाला दुसरं नाव शोभलंच नसतं : काळ्या चोचीच्या टोकाला हळदीचा पिवळा ठिपका, मुळाशी कुंकवाचे दोन लाल ठिपके. हे इथलंच, बारमाही. अडई आणि नकटाही आपलेच.

आणि ज्याला सगळ्यात जास्त वेळा बदक म्हटलं जातं तो बदक नाहीच. तो वारकरी. अंगानं काळा, कपाळावर पांढरा टिळा आणि पोहताना सतत मान पुढं-मागं. पंढरपूरच्या जिल्ह्यात हे नाव कुणाला समजावून सांगायला नको. चोच चपटी नसून टोकदार असते आणि पायाच्या बोटांना पाकळ्यांसारखे पडदे असतात.

एक सावधगिरी : ऑक्टोबर-नोव्हेंबरात बहुतेक नरांची जुनी पिसं झडलेली असतात, त्यामुळं ते मादीसारखेच तपकिरी दिसतात. तेव्हा ओळखता आलं नाही तर तुमची चूक नाही. जानेवारीत तीच बदकं पुस्तकातल्या चित्रासारखी दिसतात. माद्यांसाठी चोचीचा आकार आणि उडताना पंखावर चमकणारा रंगीत पट्टा, या दोन खुणा वर्षभर टिकतात.

तळ्यावर गुलाबी पक्षी दिसले. फ्लेमिंगोच ना?

चोच बघा. रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो किंवा अग्निपंख, असेल तर चोच मध्येच खाली वाकलेली, टोक काळं. तो चोच उलटी करून पाणी गाळत चालतो. चोच लांब, जाड, पिवळी आणि पाठीमागच्या पिसांत गुलाबी झाक असेल तर तो चित्रबलाक, आपल्याकडचाच करकोचा. फुगवट्यावर दोन्ही एका नजरेत दिसतात, त्यामुळं गफलत फार होते. आणखी एक : थव्यात मळकट करडे दिसणारे रोहित म्हणजे वेगळी जात नव्हे, पिल्लं आहेत. गुलाबी रंग खाण्यातून, हळूहळू, काही वर्षांत चढतो.

हे सगळे पक्षी सायबेरियातून येतात का?

नाही. हा समज बातम्यांच्या मथळ्यांनी पक्का केला आहे. आपल्याकडचे मोठे रोहित कच्छच्या रणात वीण करतात. पट्टकदंब तिबेट, मंगोलिया, किर्गिझस्तानच्या उंच तळ्यांवर वीण करून हिमालय ओलांडून येतात. उपग्रह यंत्रं लावून केलेल्या नोंदींत ते ७,००० मीटरहून उंच उडताना आढळले आहेत. चक्रवाक लडाख-तिबेटकडून. तलवार बदक आणि ठिपकेदार तुतारी यांची वीण मात्र सायबेरियातही होते. "सायबेरियन क्रौंच" आपल्याकडं येत नाही. भारतात तो शेवटचा दिसला भरतपूरला, २००१-०२च्या हिवाळ्यात. सोलापूर भागात कधीमधी उतरणारा क्रौंच म्हणजे कांड्या करकोचा.

एखाद्या हंसाच्या गळ्यात रंगीत पट्टा किंवा पायात कडी दिसली तर रंग, अक्षरं-आकडे आणि जागा लिहून घ्या, शक्य तर फोटो काढा. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवलं तर तो पक्षी कुठं पट्टा बांधून सोडला होता हे कळू शकतं.

किती जवळ जाता येतं?

मीटरमध्ये उत्तर नाही, ते पक्षी सांगतात. चरणं थांबवून माना वर झाल्या, की थांबा. काठावरचे पक्षी चालत पाण्याकडं सरकायला लागले, की दोन पावलं मागं या. उडाले, म्हणजे तुम्हाला आधीच उशीर झाला. सरळ रेषेत चालत गेलात तर तुम्ही शिकारी वाटता. तिरकं चाला, मध्ये मध्ये बसा, बोट दाखवायला हात उंच करू नका. एका जागी २० मिनिटं बसलात तर अनेकदा तेच तुमच्याकडं चरत येतात.

थवा पुन्हा पुन्हा उडवण्याचं नुकसान खरं असतं. परतीच्या प्रवासाची चरबी याच महिन्यांत साठवायची असते, आणि प्रत्येक उड्डाण त्यातून वजा होतं. म्हणून फोटोसाठी नाव थव्यात घालायला नावाड्याला सांगू नका. तो नको म्हणत असेल तर त्याचं ऐका. ड्रोन तर नकोच, पक्ष्यांना तो शिकारी पक्षी वाटतो. सगळा थवा अचानक, तुमच्याशी काही संबंध नसताना उठला तर वर बघा. बहुधा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी काठावरून फेरी मारत असतो.

सोबत काय न्यावं, काय घालावं?

मातकट, हिरवट कपडे. पांढरा आणि भडक लाल नको. पहाटे स्वेटर लागतो, दहाला तोच नकोसा होतो, त्यामुळं थरावर थर घाला. टोपी, दोन लिटर पाणी, वही आणि पेन्सिल. पेनची शाई दवानं फुटते. डब्याला कडक भाकरी आणि शेंगाचटणी : सांडत नाही, खराब होत नाही, आणि प्लॅस्टिकचा कचरा मागं राहत नाही.

बूट जाड तळाचेच हवेत. तळ्याकाठी वेड्या बाभळीचे काटे चपलेतून आरपार जातात, गाडीचं टायरही पंक्चर करतात. आणि काळ्या मातीच्या चिखलाला कधी कमी लेखू नका. वरून वाळलेली, भेगाळलेली खपली दिसते, खाली गुडघाभर गाळ असतो. भेगांच्या तळाशी ओल चमकत असेल तर पाऊल टाकू नका. गुरांच्या खुरांचे ठसे जिथं खोल गेलेत तिथंही नाही. हातात काठी ठेवा. ती चिखल तपासायला आणि गवतात पुढं आपटत चालायला, दोन्हीला कामी येते. घोणस पहाटेच्या थंडीत हलत नाही, म्हणून पाय पडायचा धोका जास्त.

पक्ष्यांना चिरमुरे, पाव टाकले तर?

नका टाकू. पोट भरतं पण पोषण मिळत नाही, आणि न खाल्लेलं कुजून पाण्यातला प्राणवायू कमी होतो. शहरातल्या तळ्यांत आधीच जलपर्णी आणि सांडपाण्याचा भार आहे.

गणनेत भाग घ्यायचा आहे. एवढे पक्षी मोजायचे कसे?

आशियाई पाणपक्षी गणना १९८७पासून दर जानेवारीत होते. पद्धत साधी आहे. थव्याच्या कडेचे १० पक्षी एकेक करून मोजा. ते दुर्बिणीत किती जागा व्यापतात ते डोळ्यांत बसवा. तेवढ्या जागेचं "माप" थव्यावर पुढं सरकवत जा. मोठ्या थव्याला १०ऐवजी ५० किंवा १००चं माप. डावीकडून उजवीकडं एकदा, उजवीकडून डावीकडं एकदा मोजा. दोन आकड्यांत फार फरक आला तर तिसऱ्यांदा.

नवशिके मोठे थवे जवळजवळ नेहमीच कमी मोजतात, कारण मागच्या रांगा पुढच्यांआड लपतात. शक्य असेल तर बांधावरून, उंचावरून मोजा. मोजून झालेला थवा मध्येच उडून दुसऱ्या काठावर बसला तर तो दुसऱ्या काठाच्या मोजणीत धरू नका. वेळेसकट नोंद ठेवली तरच हे नंतर निस्तरता येतं. ओळख पटली नाही तर "बदक, अनोळखी, ६०" असं लिहा. अंदाजानं नाव घालण्यापेक्षा ते कितीतरी उपयोगी. सोबत पाण्याची पातळी जरूर लिहा : कोणता दगड, कोणती पायरी उघडी आहे. पुढच्या वर्षी आकडे ताडून बघताना त्याशिवाय अर्थ लागत नाही.

एरवीच्या नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. १५ मिनिटांहून जास्त वेळची, दिसलेल्या *सगळ्या* जातींची यादी असावी. चिमणी-कावळेसुद्धा. वीण चाललेल्या घरट्याची नेमकी जागा जाहीर करू नका.

त्याच दिवशी नान्नजला जाऊन माळढोक बघता येईल का?

माळढोक दिसेल या आशेनं जाऊ नका, तो आता अत्यंत दुर्मीळ झाला आहे. पण १९७९पासून अभयारण्य असलेला हा माळ हिवाळ्यात भोवत्या, चंडोल, गप्पीदास आणि काळविटांसाठी बघण्यासारखाच आहे. वनविभागाची परवानगी घेऊन, सकाळी तळं आणि संध्याकाळी माळ असा बेत जमतो.

हुरड्याच्या दिवसांत ज्वारीवर येणारे थवे कोणते?

भोरड्या, म्हणजे पळस मैना. मध्य आशियाकडून येतात. अंग गुलाबी, डोकं-पंख काळे. दाणे भरताना ज्वारीचं नुकसान करतात हे खरं, शेतकऱ्याचा राग समजण्यासारखा आहे. पण त्या टोळ आणि अळ्याही मोठ्या प्रमाणात फस्त करतात. गोफण, डबे वाजवणं चालेल. जाळं लावून धरणं किंवा विष घालणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. संध्याकाळी तळ्याकाठच्या बाभळींवर त्या मुक्कामाला उतरतात, तेव्हा आकाशात वळणारा थवा बघायला मुद्दाम थांबा.

जखमी पक्षी सापडला तर काय करायचं?

संक्रांतीच्या आसपास मांजानं कापलेले पक्षी सर्वांत जास्त सापडतात, त्याखालोखाल मासेमारीच्या जाळ्यात अडकलेले. अंगावर रुमाल किंवा टॉवेल टाका, अंधार झाला की तो शांत होतो. बगळा, करकोचा असेल तर आधी चोच धरा. तो थेट डोळ्यांवर मारतो. मांजा ओढू नका. जखमेच्या दोन्ही बाजूंनी कात्रीनं कापा आणि रुतलेला तुकडा तसाच राहू द्या, तो डॉक्टर काढतील. भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

एकाच ठिकाणी अनेक मेलेले किंवा मान टाकलेले पक्षी दिसले तर हात लावू नका, कुत्र्यांना दूर ठेवा. बर्ड फ्लू किंवा पाण्यातल्या विषबाधेची शक्यता असते. लांबून फोटो, जात, अंदाजे संख्या आणि नेमकी जागा घेऊन लगेच त्याच क्रमांकावर आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. घरी आल्यावर बूट साबणानं धुवा, आणि कोंबड्या पाळत असाल तर ते बूट घालून खुराड्यात जाऊ नका.